स्टेपनीवर सायकली आणि नान्नजचा माळ

सोलापूरहून बार्शी रस्त्यानं नान्नजपर्यंत रॅक गप्प होता. वीसेक किलोमीटर डांबर, मागच्या दाराच्या स्टेपनीवर दोन सायकली, कुरकुर काही नाही. माळढोक अभयारण्याची हद्द बाजूला ठेवून मुरमाच्या वाटेला लागलो आणि सुरू झालं. टक्, टक्, टक्. शेजारची सीट म्हणाली, "ओ, थांबवा की जरा. मागं काय तर वाजायलंय."

असा आवाज आला की पट्टे आवळत सुटू नये. रॅकचं बाहेरचं टोक धरून हलवायचं आणि दुसऱ्यानं बोट लावून बघायचं की हालचाल कुठं होतेय. जागा तीनच: रॅकचा सांधा, स्टेपनीचे नट, नाहीतर दाराची बिजागरी आणि कुलूप. आमचे नट ढिले होते. स्टेपनीचा रॅक बसवताना चाक आणि दार यांच्यामध्ये लोखंडी पत्रा जातो, त्याला जाड पावडर कोटिंग असतं. धक्क्यांनी ते कोटिंग चेपतं, पाव मिलिमीटरची फट पडते आणि नटाचा ताण जातो. म्हणून नवा रॅक बसवला की पहिल्या ५० किलोमीटरला नट तपासायचेच. नट आणि पत्रा यांवरून ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवली की पाना न लावताही कळतं. रेघ तुटली म्हणजे नट फिरला.

आणखी एक, जे दुकानदार सांगत नाहीत. पत्र्याची जाडी स्टडचे, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या आट्यांच्या दांडीचे, आटे खाते. १२ मिलिमीटरच्या स्टडवर नट निदान १२ मिलिमीटर चढलाच पाहिजे. चारपाच फेऱ्यांत नट टेकला तर तो रॅक घ्यायचा नाही किंवा लांब स्टड बसवायचे.

पण नट आवळूनही माळावर मला स्टेपनीच्या रॅकवर भरवसा वाटला नाही, आणि त्याचं कारण वजन नव्हे, अंतर आहे. स्टेपनी २५-३० किलोची असली तरी दाराला चिकटून असते. दोन माउंटन बाइक मिळून तेवढ्याच, पण दारापासून जवळजवळ अर्धा मीटर बाहेर, वर रॅकचे आठ-दहा किलो. हा सगळा पीळ दोन बिजागऱ्यांवर येतो आणि खड्ड्यात आदळलं की दुपटीनं येतो. रॅकच्या पुस्तिकेत लिहिलेली मर्यादा बहुतेक वेळा डांबरासाठी असते. काही कंपन्या कच्च्या रस्त्याला ती सरळ निम्मी करतात. तेव्हा माझं मत: स्टेपनीवर एक सायकल ठीक, दोन फक्त डांबरावर.

दोन सायकली आणि कच्चा रस्ता ठरलेलाच असेल तर हिच. म्हणजे चासीला बोल्ट केलेला २ इंची चौकोनी रिसीव्हर, रॅकची दांडी आत घालायची नळी. बंपरच्या पत्र्याला वेल्डिंग मारून दिलेला नव्हे. तसं करून देणारे कुठंही सापडतात, त्यांना हात जोडावेत. रिसीव्हरमध्ये रॅकची दांडी थोडी सैल बसते, पिन घातली तरी डुलते. ते डुलणं पिननं थांबत नाही, त्याला वरून यू-बोल्टचा शिकंजा किंवा आतून ताणणारी पाचर लागते. थार, जिमनी यांचं दार आडवं उघडतं, म्हणून रॅक बाजूला फिरणारा हवा. नुसता मागं झुकणारा घेतला तर दार अर्ध्यात अडतं. आणि हिच खाली येतो, त्यामुळं ओढ्यातून वर चढताना आधी रॅकच घासतो, याची तयारी ठेवा.

टपाचा विचार मी लगेच सोडला. कापडी टपाला तो चालतच नाही. पत्र्याच्या टपावर उभी सायकल धरली तर गाडी तीन मीटरच्या घरात जाते, आणि बाभळीच्या फांद्या तेवढ्याच उंचीवर वाट बघत असतात. दाराच्या कडांना आकडे अडकवून बांधायचा पट्ट्यांचा रॅक मध्ये स्टेपनी आली की नीट बसतच नाही.

मापही आधी घ्या. २९ इंची चाकांची सायकल साधारण १९० सेंटिमीटर लांब भरते. तीन दारांच्या थारची रुंदी १८२, म्हणजे दोन्हीकडं चार-चार सेंटिमीटर बाहेर. जिमनी १६४.५, तिथं प्रत्येक बाजूला अर्ध्या वितीपेक्षा थोडं जास्तच. अरुंद वाटेवर समोरून उसाची ट्रॉली आली की ते आठवतं. पुढचं चाक काढून लांबी कमी करता येते, पण डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घाला. नाहीतर कुणीतरी लिव्हर दाबतं आणि पॅड एकमेकांना चिकटून बसतात. एका सायकलीचं हँडल डावीकडं, दुसरीचं उजवीकडं, आणि आतलं पेडल काढून खिशात. मध्ये जुनी सोलापुरी चादर चौघडी करून बांधली. फोमच्या नळ्या दोन उन्हाळ्यांत भुगा होतात, ही होत नाही. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जात असेल तर दुसरी पाटी आणि दिवे लावावे लागतात. टायर सायलेन्सरच्या तोंडापुढं येत नाही ना, तेही बघा.

सायकली चालवल्या, काळवीट भरपूर दिसले, माळढोक नाही, दोन पंक्चर बाभळीच्या काट्यांची.

मग जेवण. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा डिकीत, आणि सायकली परत बांधून झालेल्या. स्टेपनीचा रॅक दारासोबत फिरतो, त्यामुळं दार उघडतं खरं. पण गाडी उतारावर होती. चाळीस किलोचं जादा ओझं घेऊन दार आपणहून मिटायला लागलं, दाराचा अडका ते पेलेना. मी खांद्यानं दार थोपवून उभा, दुसऱ्यानं आत हात घालून डबा ओढला, चटणीची पुडी आतच राहिली. पुन्हा दार उघडायचं धाडस कुणी केलं नाही. भाकरी कांद्याबरोबर खाल्ली.