लागू नये म्हणून

"तो हुडी घालून बाहेर उभा आहे, त्याला काय लागलंय?" टीव्हीवर अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा बाउल गेम, म्हणजे हंगाम संपल्यावरचा खास सामना, चालू होता आणि बाबांनी विचारलं.

म्हटलं, "काही नाही लागलेलं. लागू नये म्हणून खेळत नाहीये."

बाबांचा चेहरा! चहाचा कप तसाच हातात. "म्हणजे टीमला वाऱ्यावर सोडलं?"

मग मी त्यांना जेलन स्मिथचं सांगितलं. नोट्र डेम विद्यापीठाचा लाइनबॅकर (बचाव करणारा खेळाडू), ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ क्रमाने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, अगदी वर जाणार असं सगळे धरून चाललेले. 1 जानेवारी 2016 ला फिएस्टा बाउलमध्ये गुडघा गेला. निवड झाली ती पार घसरून दुसऱ्या फेरीत, 34 व्या क्रमांकावर. त्याच वर्षअखेरीस क्रिश्चन मॅकॅफ्री आणि लेनर्ड फोरनेट या कॉलेजच्या दोन स्टार खेळाडूंनी आपापले बाउल सोडले. शिव्या खाल्ल्या, पण पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या आठात दोघेही!

प्लेऑफमधले, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपद ठरवणारे सामने सोडले तर बाकीच्या बाउलमध्ये जिंकून विजेतेपद काही मिळत नाही. कोच मात्र मोठ्या पगाराची नोकरी मिळाली की बाउलच्या आधीच निघून जातो, आणि त्याला कुणी पळपुटा म्हणत नाही. हे मला खरंच खटकतं.

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "पण ज्याला पुढे कुणीच घेणार नाही, त्याचा तर हा शेवटचाच सामना ना? त्याला काय वाटत असेल?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही असता तर खेळला असता?