तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या फोटोंचं करता काय?

"काका, ते फोटो काढता ना तुम्ही, त्यांचं पुढं करता काय?"

मेडिकलच्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी हे ऐकतो. विचारणारा बहुतेक वेळा मोबाइलने पैसे भरून काउंटरवरचा डबा 'प्राप्त झाले' कधी बोलतो याची वाट बघत असतो, म्हणजे उत्तराला मला दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात "काही नाही, छंद आपला" एवढंच बसतं. परवा एका बाईंनी बीपीच्या गोळ्या पिशवीत टाकता टाकता हेच विचारलं आणि वर म्हणाल्या, "विकत असाल तर बरंय. नाहीतर आमच्या ह्यांच्या कबुतरांसारखंच झालं की." कबुतरं मनाला लागली. म्हणून आता सविस्तर.

आधी हिशेब. बारामतीत माझं दुकान ९ ला उघडतं. रोज पहाटेचे दोन-अडीच तास आणि रविवारची सकाळ, एवढाच वेळ माझा. हिवाळ्यातल्या एका रविवारी भिगवणला गेलो की पाचशे-सहाशे फोटो होतात. कॅमेरा निकॉनचा डी ७१००, सेकंडहँड घेतलेला. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची, मोठी फाइल असल्यामुळे सोळा-सतरा जीबी भरतात. दुपारी जेवून बसलो की त्यातले चारशे तिथल्या तिथे उडतात. कशात पक्ष्याची पाठ, कशात पक्षी अर्धा, कशात पक्षीच नाही. फ्लेमिंगो डोकं उलटं करून चिखल गाळत खातो, त्यामुळे दहातल्या आठ फोटोंत गुलाबी काठ्यांवर ठेवलेलं पांढरं गाठोडं दिसतं. रात्री पुन्हा एकदा चाळण लावतो. सोमवारी सकाळी दहा-बारा उरतात. माझ्या वडिलांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये १२ फोटो, आणि तो रोल अख्खी मे महिन्याची सुट्टी पुरवायचा. बारा त्यांचे, बारा माझे. मी फक्त आधी साडेपाचशे वाया घालवतो.

तेव्हा खरं उत्तर हेच, की बहुतेक फोटो मी पुसून टाकतो.

मग भिगवणला जायचंच कशाला? सांगतो. भिगवण उजनी धरणाच्या काठावर. धरणाचं पाणी उतरायला लागलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. धरण काठोकाठ असेल त्या जानेवारीत आम्ही नुसतं पाणी बघून परत येतो. शेतकऱ्याचं आणि फोटोवाल्याचं सुख एका वर्षी येत नाही. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपलं, की आमच्यासारख्यांची गर्दी. धरणात बुडालेल्या पळसदेव गावचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं आणि आम्ही ट्रायपॉड घेऊन धावतो. एका वर्षी तिथे शेजारी उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ देवळाकडे बघतच नव्हते. देवळाच्या डाव्या हाताला नुसता भेगाळलेला गाळ होता, तिकडे त्यांचं लक्ष. "आमचं घर तिथं हुतं," म्हणाले. मी त्या गाळाचा एक फोटो काढला. काहीही दिसत नाही त्यात. तो मात्र पुसलेला नाही.

होडीबद्दल थोडं बोलतो, कारण हा माझा दुखरा विषय आहे. माझा होडीवाला थवा दिसला की लांबूनच इंजिन बंद करतो आणि बांबूने होडी ढकलत नेतो. पक्षी खायचे थांबले, माना वर झाल्या आणि सगळे एका दिशेने चालू लागले, की बांबू रोवून थांबायचं. आणखी हातभर पुढे गेलात तर उडणार. नेमकं तेच हवं असणारे लोक शेजारच्या होडीत असतात. "दादा, उडवा ना, उडवा!" उडताना पंखाखालचा गुलाबी आणि काळा रंग दिसतो, तो फोटो त्यांना पाहिजे असतो. या पक्ष्याला हवेत उठायचं तर आधी पाण्यावर धावावं लागतं. लांबच्या प्रवासासाठी चरबी साठवत बसलेल्या जिवाला दर अर्ध्या तासाला धावायला लावायचं, हे मला पटत नाही. आणि गंमत म्हणजे उडवलेला थवा फोटोत लगेच ओळखू येतो. सगळ्यांच्या शेपट्या कॅमेऱ्याकडे असतात.

घरातलं काम वेगळंच. एका जुलैत पालखीच्या दिवशी दिवे घाटात चिंब भिजलो आणि बॅग तशीच कपाटात ठेवली. दिवाळीत काढून बघतो तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. पुण्यात साफ करून मिळाली, पण लेन्सच्या निम्म्या किमतीत. गोळ्यांच्या बाटलीत सिलिका जेलची पुडी का असते हे गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं समजावून सांगणारा माणूस मी! तेव्हापासून घट्ट झाकणाचा डबा, आत आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ आणि वाटीभर निळे सिलिका जेलचे दाणे. दाणे गुलाबी पडले की जुन्या कढईत मंद आचेवर परतायचे, परत निळे होतात. काटा चाळीस-पन्नासच्या मध्ये राहिला पाहिजे. पाहुण्यांनी ओट्यावरची ती कढई बघून "नवीन पदार्थ?" असं विचारलंय.

दुसरं उत्तर मला एका अपघाताने मिळालं. २०१६ च्या पावसाळ्यात माझ्याच हाताचा धक्का लागून हार्ड डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. तीन वर्षांचे फोटो गेले. दुसरी प्रत नव्हती. आळस, दुसरं काय. चार दिवस दुकानात कुणाशी धड बोललो नाही. मग लक्षात आलं की ज्यांचे ज्यांचे फोटो काढले होते त्यांना चार बाय सहाचे प्रिंट मी देत असे. मग गावात फिरलो. पिठाच्या गिरणीत, सायकलच्या दुकानात, मंडईतल्या दोघीतिघींच्या घरी. देवघराशेजारी, कॅलेंडरच्या खिळ्याला, आरशाच्या फटीत खोचलेले माझे फोटो मी मोबाइलने पुन्हा टिपून आणले. काहींवर हळदीचे डाग होते, एकावर लहान पोराने बॉलपेनने मिशा काढल्या होत्या. आल्या तशा घेतल्या.

ऊसतोडीवाल्यांचे तेवढे गेले ते गेलेच. दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या येतात. पहाटे थंडीत बैलगाड्या भरताना त्यांच्या फडावर मी खूप फोटो काढलेत. "आमच्या पोरीचा एक काढा की" म्हणून पुढे येणारी माणसं ती. हंगाम संपायच्या आत प्रिंट द्यावा लागतो, कारण पुढच्या वर्षी तीच टोळी त्याच गावात येईल याचा भरवसा नाही. ते प्रिंट आता कुठल्या भिंतीवर आहेत, मला कळायला मार्ग नाही.

आता मी दोन डिस्क ठेवतो, एक घरी आणि एक दुकानात, पावडरच्या डब्यांमागे. आणि वाटप वाढवलंय.

तिसरं उत्तर जरा अवघड आहे. गावात कुणी गेलं की घरची मंडळी रात्री-अपरात्री माझ्याकडे येतात. "काका, अण्णांचा एखादा चांगला फोटो असंल तुमच्याकडं?" उद्या सकाळी चौकात फ्लेक्स लागायचा असतो. मी डिस्क उघडतो. असतो बऱ्याचदा. मागे एका भाजीवाल्यांचा होता: बंडी, तिरकी टोपी, तळहातावर तंबाखू मळताना डोळे बारीक करून हसतायत. मुलाने बघितला, गप्प झाला, मग म्हणाला, "जरा गंभीर नाही का एखादा?" नव्हता, ते गंभीर कधी झालेच नव्हते माझ्यासमोर. शेवटी तोच गेला. फ्लेक्सवाल्याने तंबाखूचा हात कापला, टोपी सरळ केली, मागे निळं आकाश आणि अंगात कोट-टाय घातला. कोट दुसऱ्या कुणाचा तरी, खांदे रुंद. पण हसू काढता आलं नाही त्याला. तेरा दिवस चौकात ते कोट घालून हसत होते.

आता काटेवाडीचं सांगतो आणि थांबतो.

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरकडे निघाली की वाटेत काटेवाडी लागते. तिथे परीट मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगरांच्या मेंढ्या रथाभोवती रिंगण धावतात. गच्च्यांवर, झाडांवर, ट्रॅक्टरच्या टपावर माणसं. रिंगण बघता बघता आटपतं. मेंढ्या भरधाव, मध्ये धूळ नाहीतर चिखल. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा संथ ठेवलं तर नुसता लोकरीचा पट्टा दिसतो. धावणाऱ्या मेंढ्यांचा मनासारखा फोटो मला अजून मिळालेला नाही. पण २०१८ ला रिंगणाच्या आधी एक आजोबा एडक्याला, म्हणजे नर मेंढ्याला, गळ्याशी धरून उभे होते, तो फोटो झकास आला. लाल फेटा, चेहऱ्यावर नांगरटीसारख्या सुरकुत्या, डोळ्यांत नेमका प्रकाश. मी स्वतःवर खूश. मोठा प्रिंट काढून पुढच्या वर्षी शोधत गेलो.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "शिंग कुठाय?"

"कसलं शिंग?"

"एडक्याचं. एकच दिसतंय. दुसरं कापलंस की."

खरंच, डावं शिंग चौकटीबाहेर गेलं होतं. मी म्हणालो, "आजोबा, फोटो तुमचा आहे ना."

"माझं तोंड बघाया घरी आरसा हाय."

पुढची दोन वर्षं पायी वारी नव्हती, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२२ ला रिंगण पुन्हा झालं. आजोबा होते, एडका नवा होता. जुन्याचंच पिल्लू, वाढलेलं. मी गुडघ्यावर बसलो, दोन पावलं मागे सरकलो, आणि शिंगांपासून शेपटीपर्यंत एडका पुरता घेतला. त्या नादात आजोबांचा फेटा वरून कापला गेला.

प्रिंट २०२३ ला दिला. त्यांनी आधी एका शिंगावर बोट टेकवलं, मग दुसऱ्यावर. शेजारच्या माणसाला दाखवत म्हणाले, "ह्येच्या बापाचाबी फोटू हाय घरी. पर ह्या काकानं त्याला एकच शिंग ठिवलंय."