काटापट्टीचा एक्सएमएल स्कीमा आणि दोन वजनांचा घोळ

काम तसं साधं होतं. जळगाव, धरणगाव, बोदवड या पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये कापसाची गाडी आली की आधी भरलेली तोलतात, माल खाली झाला की रिकामी तोलतात. दोन वजनांतला फरक म्हणजे कापूस. ही काटापट्टी रोज संध्याकाळी एक्सएमएल फाइल (टॅगांमध्ये बांधलेला मजकूर) बनून खरेदीदार पार्टीच्या हिशेबाकडे जाणार होती आणि तिचा स्कीमा, म्हणजे फाइलमध्ये काय कोणत्या क्रमाने यावं याचा आराखडा, पक्का करायचं काम माझ्याकडे आलं. कच्चा मसुदा पार्टीकडूनच आला होता. एलिमेंटची, म्हणजे टॅगमधल्या प्रत्येक नोंदीची, नावं मराठीत होती. एक्सएमएलला देवनागरी नावं चालतात, आणि काट्यावरच्या माणसाला फाइल उघडून वाचता यावी म्हणून मी ती तशीच ठेवली.

अडचण अशी की मसुदा माझ्या मशीनवर बिनबोभाट चालायचा आणि पार्टीच्या सर्व्हरवर लोडच व्हायचा नाही. तिकडे लिबएक्सएमएल ही एक्सएमएल वाचणारी लायब्ररी होती. कंटेंट मॉडेल (एलिमेंटांची ठरवलेली मांडणी) निश्चित नाही, एवढंच सांगून ती थांबायची. माझ्याकडे तेच काम करणारं जावातलं झर्सिस. त्याच्या पार्सरमध्ये स्कीमाची पूर्ण तपासणी करणारं फीचर मुळात बंद असतं, आणि निश्चिततेचा हा नियम नेमका त्याच तपासणीत येतो. फीचर चालू केलं तेव्हा झर्सिसनेही तीच तक्रार केली, वर एलिमेंटचं नावही दिलं: ‘वजन’ आणि ‘वजन’ यांच्यात संदिग्धता, ‘युनिक पार्टिकल ॲट्रिब्यूशन’चा भंग. स्कीमा लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे फीचर पहिल्या दिवसापासून चालू ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नियम १९८६च्या एसजीएमएल या एक्सएमएलच्या आधीच्या भाषेपासून चालत आलेला. १९९८मध्ये तो एक्सएमएलच्या डीटीडी या जुन्या स्कीमा-पद्धतीत आला आणि २००१मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीच्या स्कीमात (एक्सएसडी). म्हणणं एवढंच: फाइल वाचताना समोर एखादं एलिमेंट आलं की पुढचं काहीही न बघता ते स्कीमातल्या नेमक्या कोणत्या जागेचं आहे हे ठरलं पाहिजे. मसुद्यात होतं असं (उभी रेघ म्हणजे ‘किंवा’; पुढे येणारं ? म्हणजे असलं तर, * म्हणजे कितीही वेळा):

(वजन, वजन, भाव) | (वजन, भाव)

पहिलं ‘वजन’ आलं. ते डाव्या फांदीचं की उजव्या? पुढचं एलिमेंट बघितल्याशिवाय सांगता येत नाही. सामाईक भाग बाहेर काढला की नियमाचं समाधान होतं: (वजन, वजन?, भाव). पण हा उपाय मला पटला नाही. एकच वजन आलं तर ते भरलेल्या गाडीचं की निव्वळ मालाचं? व्हॅलिडेटर (स्कीमाप्रमाणे फाइल तपासणारा प्रोग्राम) गप्प बसेल, हिशेब मात्र चुकेल. काट्यावर फोन लावला तेव्हा कळलं की एका वजनाची पट्टी म्हणजे थोडा माल, पोत्यांनी छोट्या काट्यावर तोललेला, म्हणजे थेट निव्वळच. मग नावंच वेगळी केली:

((भरलेले, रिकामे) | निव्वळ), भाव

याने आणखी एक गाठ सुटली. मसुद्यात डाव्या फांदीतलं वजन किलोत, दशांश संख्या होतं. उजव्या फांदीतलं ‘३ क्विंटल २० किलो’ असं मजकुराचं. एकाच कंटेंट मॉडेलमध्ये एका नावाच्या एलिमेंटांचा टाइप एकच लागतो, हा वेगळा नियम आहे. फक्त पहिला नियम सांभाळला असता तर इथे पुन्हा अडलो असतो.

खरा कस लागला तो मोठ्या काट्याच्या दिवसभराच्या फाइलमध्ये. तिथे वजनं ओळीने येतात: भरलेले, रिकामे, भरलेले, रिकामे. हंगामात शेवटची गाडी रात्री खाली होत नाही. काटेवाले म्हणाले, ‘भाऊ, गाडी खाली नही व्हयनी ते सकायले तोलतस.’ म्हणजे शेवटी एक एकटं भरलेलं वजन उरू शकतं:

(भरलेले, रिकामे)*, भरलेले?

दिसायला किती सरळ! पण प्रत्येक ‘भरलेले’ला तोच प्रश्न: हे जोडीतलं की शेवटचं एकटं? उलटून (भरलेले, (रिकामे, भरलेले)*, रिकामे?)? असं लिहिलं तर भांडण ‘रिकामे’वर जातं. मी बराच वेळ कागदावर खाडाखोड केली. मग समजलं की हा क्रम या नियमात बसवताच येत नाही. ॲन ब्रुगेमान-क्लाइन आणि डेरिक वुड यांनी १९९८च्या शोधनिबंधात अशा भाषा, म्हणजे अशा क्रमांचे संच, गणिताने वेगळ्या काढून दाखवल्या आहेत आणि ही त्यांतलीच. (भरलेले, रिकामे?)* नियमात बसतं, पण मग मधल्या कुठल्याही गाडीचं रिकामं वजन गाळलं तरी फाइल पास. ते मला नको होतं. रिकामं वजन नोंदल्याशिवाय शेतकऱ्याची पट्टी होत नाही, आणि त्याचा पैसा त्या पट्टीवर अडलेला असतो.

रिलॅक्स एनजी या दुसऱ्या स्कीमा-भाषेत हा क्रम जसाच्या तसा लिहिता येतो. पण पार्टीला एक्सएसडीच हवा होता. तेव्हा रचना बदलली. प्रत्येक जोडीला ‘फेरी’ हे वेष्टन दिलं, उरलेल्या गाडीला ‘अपूर्णफेरी’:

फेरी*, अपूर्णफेरी?

दोन नावं वेगळी, त्यामुळे टॅग उघडताच जागा ठरते. शिवाय रात्री कोणत्या गाडीचं वजन बाकी आहे, हे आता फाइलच सांगते. आधीच्या मसुद्यात ते मोजून काढावं लागलं असतं.

राहिला शेवटचा मुद्दा. पार्टीला पुढेमागे स्वतःचे रकाने घालायचे होते, म्हणून फेरीच्या शेवटी ऐच्छिक ‘शेरा’ आणि त्यानंतर काहीही चालेल असं वाइल्डकार्ड होतं. ‘शेरा’ आला तर तो शेरा की ‘काहीही’तला एक? २०१२च्या एक्सएसडी १.१मध्ये असा पेच आला की नाव दिलेल्या एलिमेंटला आपोआप प्राधान्य मिळतं. पण लिबएक्सएमएल एक्सएसडी १.०वरच आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधला अंगभूत व्हॅलिडेटरही, त्यामुळे १.१च्या भरवशावर राहता येईना. वाइल्डकार्डला फक्त परक्या नेमस्पेसची (नावांच्या वेगळ्या गटाची) मुभा दिली आणि वाद मिटला.

पार्टीच्या माणसाने ओलाव्याच्या टक्क्याचा रकाना आपल्या नेमस्पेसमध्ये घालून पाहिला. पूर्ण तपासणी चालू ठेवूनही फाइल दोन्हीकडे पास झाली.