रेवती: दोन दाती झाली, आता ठेवायची की द्यायची?

दत्तजयंती जवळ आली की आमच्या पागेत सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची बोलणी सुरू होतात. यंदा त्यात रेवतीचा विषय आहे. मारवाडी वछेरी (तरुण घोडी), कुमैत म्हणजे तांबूस अंग नि काळी आयाळ, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं, कान टोकाला टोक लागणारे. देखणेपणाच्या स्पर्धांत अदंत (फक्त दुधाचे दात असलेल्या) गटात जिथे उतरवली तिथे पहिल्याच चाळणीत बाहेर पडली. आता अडीच वर्षांची आहे, मधले दोन पक्के दात आलेत आणि पुढच्या गटात तिच्यापेक्षा बऱ्याच थोराड वछेऱ्या उभ्या राहणार. घरच्यांचं मत सरळ आहे: "रंगाला गिऱ्हाईक आहे तोवर देऊन टाक."

आधी मोजमाप. सपाट फरशीवर, काठीने: खांद्याच्या उंचवट्याला ५७ इंच, पुठ्ठ्याला (मागच्या उंचवट्याला) ५८. बाजारात फीत अंगावरून वळसा देऊन लावतात आणि हीच वछेरी ५९ची निघते. ती उंची विकताना कामाची. पुठ्ठा वर आहे म्हणजे पुढचा भाग अजून उचलायचा बाकी आहे, हे खरं. पण वर्षाच्या शिंगराची साधारण ९० टक्के उंची झालेली असते आणि दीड वर्षाला ९५च्या आसपास. म्हणजे हिला अजून इंचभर मिळेल, फार तर दीड. रिंगणात डोळ्यांत भरणाऱ्या घोड्या ६२च्या पुढच्या. हे अंतर कुठल्याही डब्यातल्या पावडरीने भरून निघत नाही.

वजनाची गोष्ट मात्र वेगळी. उन्हाळ्यात बरगड्या मोजता येत होत्या, खुराक पुरेसा असूनही. लीद तपासली तर जंतांची अंडी भरपूर. औषध दिलं, थोडा फरक पडला, पण गव्हाणीखाली चघळलेल्या घासाच्या ओल्या गुठळ्या पडलेल्या दिसायच्या. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार मामा म्हणाले, "पोरगी चावत नाही, नुसती चोखते." डॉक्टरांनी तोंड उघडं ठेवणारा आकडा लावून हात घातला. या वयात दुधाच्या दाढा सुटतात. तिच्या एका दुधाच्या दाढेची अर्धवट सुटलेली टोपी नव्या दाढेवर तिरकी अडकून गालाला घासत होती. काढून माझ्या तळहातावर ठेवली: झिजून पातळ झालेली, खालच्या मुळांची टोकं सुईसारखी. दुसऱ्या दिवसापासून गुठळ्या बंद.

खुराकही बदलला. आपल्याकडे घोडं वाळलं की कोंडा वाढवायची सवय आहे. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, आणि वाढत्या हाडांना नेमकं उलटं हवं असतं. आता कोंडा मूठभर, भिजवलेला हरभरा बेताने, आणि लसूणघास व वाळलेलं गवत दिवसभर समोर. घोड्याच्या पोटात आम्ल सतत सुटत असतं, त्यामुळे दोन वेळचा भरगच्च खुराक आणि मधे रिकामी गव्हाण हा हिशोब मला पटत नाही. आजचं माप: छातीचा घेर १५२ सेंमी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत १४०. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. उत्तर २७२ किलो. अंदाजच तो, पण दर महिन्याला त्याच फितीने, सकाळी खुराकाआधी घेतला की चढउतार कळतो. बरगड्या आता दिसत नाहीत, हात फिरवला तर लागतात. मला हवं तेवढंच.

पुढचा डावा पाय खुरापाशी बाहेर वळलेला आहे. नालबंदाला विचारलं तर "दोन-तीन नालबंदीत सरळ करून देतो" म्हणतो. त्या सांध्याजवळच्या हाडाची वाढ पहिल्या वर्षातच संपलेली असते. आता खूर जबरदस्तीने कापून पाय सरळ दिसेल, पण ताण वरच्या सांध्यावर जाईल. म्हणून खूर समतोल ठेवायचा, बाकी पाय आहे तसा. परीक्षक तो पाहणारच, आणि त्यांनी पाहावाही.

उंची आणि पाय या दोन गोष्टींवर माझ्यापुरता रिंगणाचा निकाल लागला. देखणेपणाच्या गटात रेवती पुन्हा उतरणार नाही.

मग द्यायची का? वरातीच्या घोड्या ठेवणाऱ्या एकाने चांगला आकडा सांगितलाय, पंचकल्याणी असल्यामुळे. त्याला ती याच लग्नसराईत हवी आहे. पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या वर्षापलीकडे चालते. अडीच वर्षांच्या पाठीवर नवरदेव बसवून डीजेपुढे नाचवायचं, तर चार-पाच वर्षांत घोडी संपली. त्याला नाही सांगितलं. "विकायची नाही तर तिच्यापासून शिंगरं घे" असाही सल्ला आला. हाच पाय पुढच्या पिढीत उतरवायची मला हौस नाही.

आणि एक गोष्ट आहे जी रिंगणात उभ्या उभ्या दिसत नाही. मोकळ्या रानात सोडली की ती दुडकीऐवजी रवाल (स्वाराला हिसके न देणारी सपाट, जलद चाल) धरते. घोडे शिकवणाऱ्या चाबूकस्वार चाचांनी बांधावर बसून बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ही शिकवलेली नाही, हिची आहे." मारवाडीतही ही चाल सगळ्यांकडे नसते. लांब पल्ल्याच्या सवारीला ५८-५९ इंचाची, डोक्याने शांत, रवाल चालणारी घोडी मिळाली तर मी स्वतः दोन तालुके पालथे घालीन. मग घरातली कशाला द्यायची?

तर चार दाती (साधारण साडेतीन वर्षांची) होईपर्यंत ठेवतोय. तोवर खोगीर, लगाम, हातात धरून लांब चालवणं, रस्त्यावरच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची सवय. चार दाती झाल्यावर हलका स्वार, तोही थोडा वेळ. महिन्याचा खर्च दहा हजारांच्या घरात जातो. तो काढायला जुनी घोडागाडी विकतोय. पाय लंगडला किंवा स्वाराखाली रवाल मोडली, तर पुन्हा बसून हिशोब करू.

सारंगखेड्याला यंदा फक्त काळा वछेरा नेणार. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी त्याचं रक्त तपासायला दिलंय, रिपोर्ट आला की गाडी ठरवायची. रवाल चालीच्या दोन दाती घोड्या ज्यांनी हळूहळू सवारीला काढल्यात, त्यांनी पहिलं वर्ष कोणता लगाम वापरला ते जरूर सांगा. माझा कल साध्या, मधे सांधा नसलेल्या, तोंडात बसणाऱ्या कडीकडे आहे. चाचा नाही म्हणतात.