पंधरा हजार, आणि आधीच निघालेला नंबर

पंधरा ऑगस्टला आमच्या धंद्यात सुट्टी नसते. जुलैच्या पगाराचा पीएफ भरायची शेवटची तारीख तीच. वाळूज एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांची पीएफ आणि ईएसआयची (कामगार विम्याची) कामं मी करतो. झेंडावंदन आटोपलं की ऑफिस उघडायचं आणि ज्यांनी चलनाचे पैसे अजून टाकलेले नाहीत त्यांच्या मागे लागायचं, हा दरवर्षीचाच क्रम. 2025 च्या त्या शुक्रवारी मात्र फोन उलटे येऊ लागले. एरवी जे मालक माझा फोन उचलत नाहीत, ते स्वतःहून विचारत होते, "ते पंधरा हजाराचं काय आहे हो?"

सकाळी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना जाहीर केली होती. एक लाख कोटींची योजना, खासगी क्षेत्रात पहिली नोकरी लागणाऱ्याला 15,000 रुपये, साडेतीन कोटी तरुणांना लाभ. मंत्रिमंडळाने ती 1 जुलैलाच मंजूर केली होती, तेव्हा नाव वेगळं होतं. लागूही 1 ऑगस्टपासून झाली होती. महिनाभर मी मालकांना हेच सांगत होतो आणि कुणी ढुंकून बघत नव्हतं. आमच्याकडे परिपत्रक कुणी वाचत नाही. भाषण मात्र सगळे ऐकतात आणि आपल्याला हवं तेवढंच ऐकतात.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच बाहेर माणसं उभी. वरून धो धो पाऊस. पॅकिंगला जाणाऱ्या बायका विचारत होत्या, "लाडक्या बहिणीसारखं खात्यात येणार का?" राज्य सरकारच्या कार्य प्रशिक्षण योजनेत सहा महिने काढलेली दोन पोरं आली होती. बारावीवाल्याला सहा हजार, आयटीआयवाल्याला आठ असं विद्यावेतन घेऊन ती परत घरी बसली होती. त्यांचा राग मला रास्त वाटला. त्यांना प्रशिक्षण नको होतं, पुढची नोकरी हवी होती. युनियनमध्ये उभी हयात गेलेले एक बुजुर्ग म्हणाले, "पंधरा हजार एकदाच. पर्मनंट कधी करणार ते विचारा." एक जण तर छापील फॉर्म घेऊन आला. कुठल्याशा दुकानातून दोनशे रुपये देऊन त्याने तो भरून घेतला होता. या योजनेत कामगाराने भरायचा फॉर्मच नाही. मालकाने पीएफचं विवरण भरलं की पात्र माणूस त्यातूनच ठरतो. गरजू माणसाकडून असे दोनशे उकळणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

लोकांच्या कानावर न पडलेल्या अटी मी त्या दिवशी घसा बसेपर्यंत सांगितल्या. मिळणार ती एका महिन्याच्या पीएफ-पगाराइतकी, म्हणजे ज्या पगारावर पीएफ कापतात तेवढी रक्कम, जास्तीत जास्त 15,000. तीही दोन हप्त्यांत. पहिला हप्ता सहा महिने नोकरी टिकली तर, दुसरा बारा महिन्यांनी, आर्थिक साक्षरतेचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केल्यावर. त्यातला काही भाग बचत म्हणून अडकलेला राहणार. आणि मुख्य म्हणजे पीएफमध्ये माणूस पहिल्यांदाच आलेला हवा.

तेवढ्यात आमच्या एका क्लायंटचा फोन आला. त्यांचं प्रेस शॉप आहे, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून सुटे भाग बनवायचा कारखाना. मोठ्या कंपनीला ब्रॅकेट पुरवतात, तीसेक माणसं कामाला. "साहेब, दोन पोरं पाठवतोय, पीएफचे नंबर काढून घ्या." पन्नासच्या आत माणसं असलेल्या कारखान्याने किमान दोन जादा माणसं घेतली, तरच या योजनेत मालकाला प्रोत्साहनाचे पैसे मिळतात. म्हणून दोघांना एकदम घ्यायचं ठरलं होतं. दोघं गंगापूर तालुक्यातल्या एकाच गावची, पगार दोघांचाही साडेतेरा हजार. एकाचे वडीलही सोबत आले होते. पावसात भिजू नये म्हणून मुलाची कागदपत्रं त्यांनी युरियाच्या पिशवीत गुंडाळून आणली होती.

1 ऑगस्टपासून यूएएन, म्हणजे कामगाराचा कायमचा पीएफ नंबर, काढायचा तर सरकारच्या उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवावा लागतो. कामगाराने स्वतः मोबाइलसमोर बसायचं, डोळ्यांची उघडझाप करायची आणि आधारशी चेहरा जुळला की बारा आकडी नंबर. ट्यूबलाइटचा उजेड चेहऱ्यावर नीट पडत नाही म्हणून मी खिडकीजवळ पांढरा पडदा लावून खुर्ची ठेवली आहे. तिथे बसवलेल्या माणसाचा फोटो सहसा पहिल्याच फटक्यात जुळतो. पहिल्या पोराचा नंबर लगेच निघाला. दुसरा बसला, चेहरा जुळला आणि स्क्रीनवर आलं की या आधारवर यूएएन आधीच आहे.

"मी तर कुठंच कामाला नव्हतो, सर."

"कुठे आधार दिलं होतंस का?"

बराच वेळ आठवून तो म्हणाला, बारावीनंतर चाकणला गेलो होतो, गोडाउनमध्ये. एका ठेकेदाराकडे. दोन महिन्यांत काम संपलं म्हणून घरी आलो.

नंबर अ‍ॅक्टिव्हेट करून आम्ही पासबुक उघडलं. दोनच नोंदी. पगार 12,000, कामगाराचे 1,440, मालकाच्या हिश्श्यातले 440 पीएफला आणि 1,000 पेन्शनला. काम सोडल्याची तारीख भरलेलीच नव्हती, म्हणजे कागदावर हा मुलगा अजून चाकणलाच. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. मोबाइल नंबर भलत्याचाच. त्या दोन महिन्यांच्या पगारातून पैसे कापल्याचं पोराला माहीत होतं. ते बूट आणि मेसचे असावेत असं त्याला वाटत होतं. त्याला पगाराची पावती कधी मिळालीच नव्हती.

ठेकेदाराने पीएफ भरला, हे मला एका बाजूने चांगलंच वाटलं. अनेक जण तेवढंही करत नाहीत. पण ज्याच्या नावावर पैसे भरले त्याला ना नंबर सांगायचा, ना पावती द्यायची, हे मला अजिबात मान्य नाही. नंबरचा एक एसएमएस त्याच्या मोबाइलवर गेला असता तरी पोराला कळलं असतं.

मी वडिलांना खाली बसवून सांगितलं, "काका, याला ते पंधरा हजार मिळणार नाहीत. सरकारच्या हिशेबी हा नवा नाही."

ते मुलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घरी बसून राहिला असता तर मिळाले असते, साहेब? दोन महिने राबला म्हणून नाही?"

काय उत्तर देणार? नियमाची बाजू मला कळते. जुन्याच माणसांना नवं दाखवून पैसे उचलणारे कमी नाहीत. त्याच सकाळी एका लेबर काँट्रॅक्टरने मला विचारलं होतं, "नवीन फर्म काढून हीच पोरं तिकडे दाखवली तर?" आधारमुळे ती पळवाट बंद आहे, हे उत्तमच झालं. पण त्याच चाळणीतून हा मुलगाही बाहेर पडला.

ज्या गोष्टीवर मी अजून विचार करतोय, ती पुढे आहे. योजनेचा दुसरा भाग मालकांसाठी आहे. दहा ते वीस हजारांच्या दरम्यान पगार असलेल्या प्रत्येक जादा माणसामागे मालकाला महिन्याला 2,000 रुपये, दोन वर्षं. उत्पादन क्षेत्रात आणखी दोन वर्षं. त्यासाठी माणूस पीएफमध्ये पहिल्यांदाच आलेला असावा अशी अट नाही. म्हणजे याच मुलामागे मालकाला पैसे मिळणार आणि मुलाला स्वतःला काही नाही. शेजारच्या प्रेसवर उभ्या त्याच्याच दोस्ताला मात्र साडेतेरा हजार. मी हे मालकांना स्पष्ट सांगितलं. माणूस सरळ आहे. ते म्हणाले, "सहा महिने टिकला तर माझ्या वाट्यातून त्याला काहीतरी देईन." ते देतील असा मला विश्वास आहे. पण हे मालकाच्या मनावर सोडायचं काम नव्हे. दोन-तीन महिन्यांच्या तुटक नोंदीवरून कुणाची पहिली नोकरी झाली असं धरू नये, इतकी सूट नियमात हवी होती. गोडाउनमध्ये सिझनपुरती राबून परतलेली पोरं मराठवाड्यात गावोगाव आहेत, आणि भाषण ऐकून सगळ्यात जास्त आशा धरली ती त्यांनीच.

कागदाचं काम मी पूर्ण केलं. शेवटच्या भरण्याला दोन महिने उलटले असतील तर काम सोडल्याची तारीख कामगाराला आधारच्या ओटीपीवर स्वतः टाकता येते, ती टाकली. मोबाइल बदलला, वडिलांच्या नावाच्या दुरुस्तीला जॉइंट डिक्लेरेशनचा अर्ज लावला, जुना पीएफ नव्या खात्यात आणायची विनंती टाकली. याचे पैसे मी घेतले नाहीत. मुलगा कामावर रुजू झाला आणि चांगलं काम करतोय, असं मालक सांगतात.

पुढच्या आठवड्यात ते काका पुन्हा आले, या वेळी मुलीला घेऊन. ती बारावीला आहे, नुकती अठराची झाली, आणि सुट्टीत एका पॅकिंगच्या ठेकेदाराकडे गेली होती. त्याच खुर्चीवर बसवून तपासलं, तिचा नंबर निघालेला नव्हता. मी काकांना सांगितलं की आता चेहरा दाखवल्याशिवाय कुणालाही परस्पर नंबर काढता येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, आणि तिथूनच त्या ठेकेदाराला फोन लावून विचारलं, पोरीच्या आधारची झेरॉक्स कुठं ठेवलीय, मी आत्ता न्यायला येतोय.