दुसऱ्या रात्रीचा लघुग्रह

लघुग्रह शोधणाऱ्याने दुर्बिणीला डोळा लावायचा जमाना कधीच संपला. आता डोळा लागतो तो पडद्याला. आकाशाच्या एकाच तुकड्याचे वीसेक मिनिटांच्या अंतराने चार फोटो काढायचे आणि भराभर आलटूनपालटून बघायचे. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकला तर तो उमेदवार. दोन फोटोंवर कधीच भागवू नये. हॉट पिक्सेल (कॅमेऱ्याचा बिघडलेला, उगाच चमकणारा ठिपका) किंवा वैश्विक किरणाचे (अवकाशातून येऊन कॅमेऱ्यावर आदळणाऱ्या कणाचे) कुठलेही दोन डाग जोडले की रेषा होतेच. तिसरा आणि चौथाही तिच्यावर बसायला हवा.

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कॅरोलिन शूमेकर हेच काम फिल्मवर करत. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या श्मिट दुर्बिणीतून (आकाशाचा मोठा तुकडा एकदम टिपणाऱ्या) काढलेल्या दोन फिल्म त्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली शेजारी ठेवत. हललेला ठिपका ताऱ्यांच्या वर तरंगताना दिसे. पन्नाशीनंतर सुरुवात करून त्यांच्या नावावर 32 धूमकेतू लागले. त्यातला शूमेकर-लेव्ही 9 मार्च 1993 मध्ये सापडला आणि जुलै 1994 मध्ये त्याचे तुकडे गुरूवर आदळले.

खरी गोची वेळेची. मंगळ आणि गुरूच्या मधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या (आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असण्याच्या) सुमारास मिनिटाला जेमतेम अर्धा आर्कसेकंद (अंशाचा 3600 वा भाग) सरकतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांचं एक्सपोजर चालून जातं. पृथ्वीजवळून तासाला एक अंश धावणारा मात्र सेकंदाला एक आर्कसेकंद जातो. तेवढ्याच एक्सपोजरमध्ये त्याचा प्रकाश लांबलचक रेघेत पसरतो आणि अंधुक असेल तर दिसतच नाही. तिथे छोटी छोटी एक्सपोजर घेऊन त्याच्या गतीनुसार सरकवत एकावर एक रचावी लागतात. संगणकाचं घड्याळ दोन सेकंद चुकलं तर स्थानही दोन आर्कसेकंद चुकलं. म्हणून घड्याळ जीपीएसला जुळवायचं आणि नोंद एक्सपोजरच्या मध्याची करायची, सुरुवातीची नव्हे. (ही चूक चांगले चांगले करतात.)

ठिपका आधीच माहीत असलेला नाही ना, हे तपासून गाया या युरोपीय अंतराळ दुर्बिणीच्या तारासूचीवरून त्याची स्थानं मोजायची आणि वेधशाळेच्या तीन अक्षरी कोडसह मायनर प्लॅनेट सेंटरला (लघुग्रहांच्या जगभरच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राला) पाठवायची. एका रात्रीत दिसलेला मार्गाचा कंस इतका तोकडा असतो की त्यावर कितीतरी वेगवेगळ्या कक्षा बसतात. त्यामुळे दुसऱ्या रात्री तो पुन्हा पकडावाच लागतो. ढग आले किंवा चंद्र शेजारी आला, तर पहिल्या रात्रीचा आनंद तिथेच राहिला.

मग मिळतं ते तात्पुरतं नाव. 2024 वायआर4 घ्या: वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, आर हे आय वगळून सतरावं अक्षर, आणि 4 म्हणजे पंचवीस अक्षरांच्या चार पूर्ण फेऱ्या. म्हणजे त्या पंधरवड्यातला 117 वा. कायमचा क्रमांक मिळायला बहुधा आणखी काही प्रतियुती जाव्या लागतात, आणि नाव सुचवण्याचा हक्क त्यानंतर. धूमकेतूला मात्र शोधणाऱ्याचंच नाव लागतं.

मोठे सर्वेक्षण प्रकल्प रोज रात्री आकाश विंचरतात, मग एकट्यादुकट्याला उरतं काय? पहाटेचं, क्षितिजालगतचं, सूर्याजवळचं आकाश. हौशी खगोलनिरीक्षक गेनादी बोरिसोव्ह यांनी 30 ऑगस्ट 2019 ला स्वतः बनवलेल्या 65 सेंटिमीटर दुर्बिणीतून दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला धूमकेतू पकडला, तो तिथेच.