'पत्ता कोणाला माहितीये' हे वाक्य आता ऐकवत नाही

गेले दोन आठवडे एकच काम चाललंय. कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंग, मशीन मेंटेनन्स, स्टोअरचा स्टॉक या सगळ्यासाठी जी सॉफ्टवेअरं वापरतो त्यांची अ‍ॅडमिन लॉगिन पेजेस बाहेरच्या इंटरनेटवरून उघडतात का ते शोधायचं, लेखी परवानगी घेऊन, फक्त आपल्याच सर्व्हरवर.

पहिला टेम्प्लेट, म्हणजे स्कॅनरने काय तपासायचं ते सांगणारी छोटी फाईल, अगदी साधा लिहिला. अ‍ॅडमिनचा नेहमीचा पाथ (पत्त्यात साइटच्या नावापुढे येतो तो भाग) मागायचा, २०० (सर्व्हरचा 'पान मिळालं' हा कोड) आलं आणि पानात लॉगिन हा शब्द दिसला की नोंद करायची. रन केला तर जवळजवळ सगळे सर्व्हर लाल! एकेक उघडून बघितलं तेव्हा लक्षात आलं की यातल्या बऱ्याच अ‍ॅप्सना कुठलाही पाथ द्या, ती २०० म्हणतात आणि तेच पहिलं पान परत देतात, सगळं एकाच पानात चालवणाऱ्या सिंगल पेज अ‍ॅपमध्ये तर हे नेहमीचंच. त्यामुळे आता मी आधी दहा-बारा रँडम अक्षरांचा एक खोटा पाथ मागते आणि खऱ्या पाथला पण तेच उत्तर आलं तर ती नोंद सरळ टाकून देते.

मग सॉफ्टवेअर नेमकं कोणतं ते ओळखायच्या खुणा. पानाचं टायटल ही सगळ्यात कच्ची खूण, कारण व्हर्जन बदललं की तेही बदलतं, आणि एकदा तर हुबेहूब तेच टायटल असलेलं नुसतं हेल्पचं पान सापडलं, आत लॉगिनचा फक्त स्क्रीनशॉट. फेविकॉन त्यापेक्षा बरा. टॅबवरचं ते छोटं चित्र, कंपन्या ते वर्षानुवर्षं बदलत नाहीत, आणि शोडान, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांचं सर्च इंजिन, त्याचा हॅश (चित्राच्या फाईलवरून काढलेला आकडा) काढून ठेवतं, म्हणजे त्या एका आकड्यावर सर्च केलं की त्या सॉफ्टवेअरचे जगभरातले सर्व्हर समोर येतात. पण कोणी स्वतःचा लोगो टाकला की हॅश चुकला. म्हणून माझा नियम, फेविकॉन किंवा टायटल यातलं एक आणि त्याच प्रॉडक्टच्या जेएस (जावास्क्रिप्ट) फाईलचा पाथ किंवा फॉर्मचं एखादं खास फील्ड, दोन्ही जुळलं तरच नाव घ्यायचं. आणि तिथेच थांबायचं. पासवर्ड टाकून बघणं हे या कामात बसत नाही, 'सहज एकदा अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' सुद्धा नाही.

एवढं करून खरंच एक सापडलं. टेस्ट सर्व्हर, कधीतरी बाहेरच्या व्हेंडरला अ‍ॅक्सेस द्यायला फायरवॉलमध्ये उघडलेला आणि तसाच राहिलेला, लॉगिन बॉक्सच्या खाली बारीक अक्षरात पूर्ण व्हर्जन नंबर छापलेला. ज्यांचा सर्व्हर ते म्हणाले, अगं पण पत्ता कोणाला माहितीये? मला तो वेबसाइटच्या https सर्टिफिकेटांची नोंद ठेवणाऱ्या पब्लिक लॉगमध्ये मिळाला होता, ज्या दिवशी सर्टिफिकेट घेतलं त्या दिवसापासून ते नाव सगळ्या जगाला दिसतंय. आणि नाव नसतं तरी काय, २०१३ मध्येच झेडमॅप या स्कॅनिंग टूलने दाखवलं होतं की एका मशीनवरून एका पोर्टसाठी अख्खं आयपीव्ही४ (इंटरनेटवरचे नेहमीच्या चार आकडी पद्धतीचे सगळे पत्ते) पाऊण तासाच्या आत स्कॅन होतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलिक्विपाच्या पाणीपुरवठ्याचा एक पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा कंट्रोलर, हॅक झाला, आणि त्या हल्ल्यांबद्दल सिसा या तिथल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने काढलेल्या सूचनेत कंपनीकडून येतो तो डिफॉल्ट पासवर्ड बदला असं स्पष्ट लिहिलं होतं, तो पासवर्ड होता ११११. त्याच वर्षी जूनमध्ये सिसाने तिथल्या सरकारी खात्यांना आदेश दिला होता की असा मॅनेजमेंट इंटरफेस इंटरनेटवर सापडला तर १४ दिवसांत तो काढा, नाहीतर त्याच्यापुढे अ‍ॅक्सेस कंट्रोल लावा. म्हणजे पासवर्ड कितीही भारी असू दे, नुसतं पान बाहेर दिसतंय यावरच कारवाई. मला हे शंभर टक्के पटतं.

आमचा तो टेस्ट सर्व्हर गुरुवारी व्हीपीएनच्या मागे गेला, म्हणजे आता कंपनीच्या खाजगी कनेक्शनमधूनच उघडतो. संध्याकाळी मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून तोच पत्ता टाकून बघितला, टाइमआउट. रोजच्या स्कॅनमधून मात्र त्याला काढलेलं नाही, फायरवॉलचा तो नियम उद्या परत कोणी 'दोनच दिवसांसाठी' उघडला तर मला सकाळी कळायला हवं.